सगळ्या मरिया सारख्याच का दिसतात?

युरोपची सहल करून आलेल्या पुणेकराच्या दोन तक्रारी ठरलेल्या असतात. पहिली जेवणाची. दुसरी संग्रहालयांची. "फ्लॉरेन्सच्या त्या उफित्सीत एकामागून एक दालनं, आणि प्रत्येकात तेच! आई आणि मूल, मूल आणि आई, मधूनच एक क्रूसावरचा माणूस. मोनालिसाचं एक वेळ समजू शकतो. पण या शंभर मरियांमध्ये पाहायचं तरी काय?"

प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारायला लाजायचं काही कारण नाही. लाजायला हवं ते उत्तर देणाऱ्यांनी. 'ही जगातली महान कला आहे' असं म्हणून विचारणाऱ्याला गप्प बसवायचं, नाहीतर चित्रात त्रिकोण कुठे दडलाय ते बोटानं दाखवायचं, असं चाललेलं असतं. त्रिकोण असतोही तिथे. पण त्रिकोण पाहायला कुणी एवढं विमानाचं तिकीट काढत नाही.

या प्रकरणात वेगळी वाट धरू. साधारण १३०० ते १७०० या चारशे वर्षांतली ही चित्रं संग्रहालयासाठी काढलेलीच नव्हती, कारण तेव्हा आजच्यासारखी संग्रहालयं नव्हती. बहुतेक प्रत्येक चित्र कुणीतरी पैसे मोजून, ठरावीक भिंतीसाठी, ठरावीक माणसांकरता करून घेतलेलं होतं आणि त्याला काहीतरी काम नेमून दिलेलं होतं. ते काम कळलं की मरिया वेगवेगळ्या दिसू लागतात.

१. भिंतीवरून उतरवलेली चित्रं

संग्रहालयात चित्र डोळ्यांच्या उंचीवर असतं, उजेड सगळीकडे सारखा असतो, शेजारी दुसरं तसलंच चित्र असतं. मूळ जागी यातलं काहीच नव्हतं. चित्र वेदीवर असायचं, मेणबत्त्यांच्या हलत्या उजेडात. पाहणारा गुडघे टेकून, खालून वर पाहायचा. आणि त्या जागी ते एकटंच असायचं.

फ्लॉरेन्समध्येच सान मार्को नावाचा मठ आहे. १४४० च्या सुमाराला फ्रा अँजेलिको या चित्रकारानं तिथल्या भिंती रंगवल्या. तो स्वतः त्याच पंथाचा भिक्षू. मठाच्या वरच्या मजल्यावर भिक्षूंच्या छोट्या छोट्या खोल्या आहेत आणि प्रत्येक खोलीत भिंतीवर एक चित्र आहे. म्हणजे त्या चित्राचा प्रेक्षक एकच: रोज तिथे झोपणारा, उठणारा, प्रार्थना करणारा भिक्षू. आपण तिथे जाऊन अर्ध्या मिनिटात चित्र 'पाहून' पुढे सरकतो. तो भिक्षू वर्षानुवर्षं त्याच्यासमोर बसत होता.

जिना चढून वर आलं की समोरच मोठं चित्र आहे. गाब्रिएल देवदूत मरियेला सांगायला आलाय की तुझ्या पोटी देवाचा पुत्र जन्माला येईल. चित्राच्या खालच्या कडेला भिक्षूंना उद्देशून ताकीद लिहिलेली आहे: कुमारी मातेसमोरून जाताना तिला वंदन करायला विसरू नका. इथे चित्राचं काम अगदी स्वच्छ आहे. दमून झोपायला निघालेल्या माणसाला जिन्याच्या तोंडाशी क्षणभर अडवायचं. खोल्यांमधली चित्रं तर आणखी साधी. मागे उघडी भिंत, मोजकी माणसं, सोन्याचा झगमगाट नाही. फ्रा अँजेलिकोला सोनं वापरता येत नव्हतं असं नाही. श्रीमंत यजमानांच्या वेदीसाठी त्यानं ते भरभरून वापरलंय. खोल्यांतला साधेपणा त्यानं जाणूनबुजून ठेवलाय. मन एकाग्र करू पाहणाऱ्याच्या डोळ्यांना तिथे भटकायला जागाच ठेवायची नव्हती.

तेव्हा कुठल्याही जुन्या चित्रासमोर उभं राहिल्यावर 'सुंदर आहे का?' हे नंतर ठरवावं. आधी विचारावं: हे मुळात कुठे होतं, समोर कोण उभं राहायचं, आणि ते पाहून त्या माणसानं काय करावं अशी अपेक्षा होती? संग्रहालयाच्या पाटीवर निदान पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा असतं. लोक नाव आणि साल वाचतात आणि नेमकी ती ओळ गाळतात.

२. आयुधावरून ओळख

पुढची अडचण माणसं ओळखण्याची. सगळे दाढीवाले, सगळ्यांच्या डोक्यामागे तेजोवलय. कोण कोणता?

इथे मराठी माणूस खरं तर फायद्यात आहे. गदा दिसली की मारुती, कमरेवर हात दिसले की विठोबा, तीन शिरं आणि पायाशी कुत्री दिसली की दत्त, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. चेहरा चित्रकारागणिक बदलला तरी खूण बदलत नाही. ख्रिस्ती संतांचा कारभार असाच चालतो. हातात किल्ल्या असल्या की तो पेत्र, कारण स्वर्गराज्याच्या किल्ल्या येशूनं त्याला दिल्या. तलवार असली की पौल. उंटाच्या केसांचं वस्त्र आणि जवळ कोकरू असेल तर बाप्तिस्मा करणारा योहान. सुगंधी तेलाची कुपी घेतलेली मोकळ्या केसांची बाई म्हणजे मरिया माग्दालिया. पायाशी सिंह पाळीव मांजरासारखा बसलेला असेल तर तो जेरोम.

ज्यांना हौतात्म्य आलं त्यांच्या हाती बहुधा त्यांच्या छळाचंच साधन असतं. लॉरेन्सला लोखंडी जाळीवर भाजलं म्हणून त्याच्याजवळ जाळी. सेबॅस्टियनच्या अंगात बाण. आपल्या देवांच्या हातात शत्रूला मारायची शस्त्रं असतात आणि या संतांच्या हातात स्वतःवर चाललेली. फरक मोठा आहे.

सराव करायचा तर युरोपपर्यंत जायची गरज नाही. जुन्या गोव्यातलं से कॅथीड्रल अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरिनच्या नावाचं आहे, कारण आफोन्सो द आल्बुकेर्कनं गोवा घेतलं ते तिच्या सणादिवशी, २५ नोव्हेंबर १५१० रोजी. दंतकथा सांगते की तिला मारण्यासाठी अणकुचीदार चाक आणलं, ते तिचा स्पर्श होताच मोडलं, मग तिचा शिरच्छेद केला. मुख्य वेदीमागच्या उंच सोनेरी कोरीवकामात तिच्याच कथेचे प्रसंग आहेत. 'केवढं हे सोनं!' म्हणून मान वर करून फोटो काढणारे खूप. कथा ठाऊक असेल तर ती भिंत वाचता येते.

३. एकच निरोप, तीन मरिया

आता मूळ तक्रारीकडे वळू. प्रसंग तोच, पात्रं तीच, तर मग शंभर चित्रं कशाला?

लूककृत शुभवर्तमानात देवदूत आणि मरिया यांचा संवाद जेमतेम तेरा ओव्यांचा आहे. पण पंधराव्या शतकातले इटालियन प्रवचनकार तो उलगडून सांगत. रोबेर्तो काराच्चोलो नावाच्या गाजलेल्या फ्रान्सिस्कन प्रवचनकारानं मरियेच्या मनाच्या पाच अवस्था सांगितल्या. आधी ती दचकते. मग हे कसलं अभिवादन म्हणून विचारात पडते. मग विचारते, मी पुरुषाला ओळखत नाही, हे होणार कसं? मग मान झुकवून स्वीकारते. पाचवी अवस्था देवदूत निघून गेल्यानंतरची. प्रवचन ऐकलेले लोक चित्रासमोर येत तेव्हा त्यांना कथा माहीतच असे. त्यांची उत्सुकता वेगळी होती: या चित्रकारानं कुठला क्षण धरलाय?

हीच उत्सुकता घेऊन तीन चित्रं पाहू.

पहिलं सिमोने मार्तिनीचं, १३३३ सालचं. सिएनाच्या कॅथीड्रलमधल्या एका वेदीसाठी केलेलं, आता उफित्सीत. मागे सगळं सोनं. ना घर, ना आकाश. देवदूताच्या तोंडातून निघालेले शब्द सोन्यावर उठवलेल्या अक्षरांत सरळ मरियेच्या कानाकडे जातात. आणि मरिया? ती अंग चोरून, खांदा वळवून मागे सरकलीय, एका हातानं अंगरखा गळ्याशी ओढून घेतलाय. दुसऱ्या हातात पुस्तक आहे, आणि तिचा अंगठा पानांमध्ये अडकलेला आहे. वाचता वाचता कुणी आलं की आपण खूण म्हणून बोट ठेवतो तसा. एवढ्या सोन्याच्या, आकाशातल्या वाटणाऱ्या चित्रात तो अंगठा तेवढा या जगातला आहे.

दुसरं म्हणजे सान मार्कोच्या जिन्यावरचं. इथली मरिया साध्या लाकडी स्टुलावर बसलीय, दोन्ही हात छातीशी दुमडलेले, मान किंचित पुढे. इथे भीती संपलीय, प्रश्नही संपलाय. रोज आज्ञापालनाचं व्रत पाळणाऱ्या भिक्षूंना जो क्षण समोर हवा होता, तोच चित्रकारानं घेतला.

तिसरं लोरेंझो लोत्तोचं, १५३४ च्या आसपासचं, इटलीतल्या रेकानाती गावात. माझं सर्वात आवडतं. यात मरियेनं देवदूताकडे चक्क पाठ केलीय आणि ती आपल्याकडे पाहतेय, दोन्ही पंजे वर करून. मागे खोलीत देवदूत आलाय, त्याची सावली फरशीवर पडलीय. आणि त्या दोघांच्या मधून एक मांजर पाठीची कमान करून पळत सुटलंय. देवदूत येतो तेव्हा माणसाच्या आधी मांजराला कळणार, हे लोत्तोला सुचलं. काही विद्वान त्या मांजरात सैतान पाहतात. असेलही. मला मात्र वाटतं की घरात मांजर पाळलेल्या माणसालाच ते असं काढता येईल.

आता सांगा, या तिघी सारख्या आहेत का? विषय ठरलेला असतो म्हणूनच चित्रकाराची निवड उठून दिसते.

४. निळ्याचा हिशेब

मरियेचं वस्त्र बहुधा निळं असतं. का? 'आकाशाचा रंग, पावित्र्याचा रंग' हे उत्तर पुस्तकात सापडतं आणि ते चूकही नाही. पण एक उत्तर वाण्याच्या वहीतलं आहे.

उत्तम निळा रंग लाजवर्द या दगडापासून होई, आणि तो दगड यायचा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून. अजिंठ्याच्या लेण्यांत जो झळझळीत निळा दिसतो, त्यातही हाच दगड आहे. दगड नुसता कुटून भागत नाही, भुकटी करडी पडते. ती भुकटी मेण, राळ आणि तेल यांच्या गोळ्यात मळायची, गोळा राखेच्या क्षारयुक्त पाण्यात दाबत राहायचा, मग निळा कण तेवढा पाण्यात उतरतो. पहिल्या खेपेला उतरतो तो सर्वांत महाग. नंतरच्या खेपांचा फिका आणि स्वस्त.

आता एक खरा करार पाहू. २३ ऑक्टोबर १४८५ रोजी फ्लॉरेन्समधल्या अनाथ मुलांच्या आश्रमानं दोमेनिको गिर्लांदायो या चित्रकाराशी वेदीच्या चित्राचा लेखी करार केला. विषय: पूर्वेकडचे ज्ञानी राजे बाळ येशूच्या दर्शनाला येतात. मोबदला ११५ फ्लोरिन, मुदत तीस महिन्यांची, रंग आणि सोनं चित्रकाराच्या पदरचं. आणि एक अट स्पष्ट लिहिलेली: निळा रंग औंसाला साधारण चार फ्लोरिन किमतीचा असला पाहिजे.

समजा चित्रकाराला असा दहा औंस रंग लागला. झाले चाळीस फ्लोरिन. मोबदल्यातला एक तृतीयांशाहून जास्त भाग नुसत्या निळ्यात गेला. म्हणून तर करारात दर लिहून घ्यायचा, नाहीतर चित्रकारानं हलका निळा मारून वेळ निभावली असती! मरियेला निळं नेसवणं म्हणजे तिला बाजारातला सर्वांत महाग रंग वाहणं, आणि समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांना, म्हणजे भाविकांना, ते कळत होतं.

हे चित्र १४८८ मध्ये पुरं झालं आणि आजही त्याच आश्रमात आहे. राजांच्या गर्दीत पुढे दोन लहानगी मुलं गुडघे टेकून बसलीत, अंगात पांढरे झिरझिरीत झगे. नीट पाहिलं तर त्यांच्या अंगावर जखमा दिसतात. येशूला मारण्यासाठी हेरोद राजानं बेथलेहेमातली तान्ही मुलं कापली, त्यांच्यापैकी ही दोन. आश्रमाचं नावच त्या निरपराध बालकांवरून ठेवलेलं. टाकून दिलेली मुलं जिथे वाढायची, तिथल्या वेदीवर मरियेच्या इतक्या जवळ, राजांच्याही पुढे, अशी दोन मुलं बसवणं हे कुणाला काय सांगत असेल ते वेगळं लिहायला नको.

५. इतकं रक्त कशाला?

हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो, कारण आपल्या देवळातला देव प्रसन्न असतो. क्रूसावरचा छिन्नविच्छिन्न देह पाहून आपण अवघडतो. उत्तर पुन्हा जागेत आहे, आणि ते सर्वांत लख्ख सापडतं आजच्या फ्रान्समधल्या कोलमार शहरात.

तिथल्या उंटरलिंडेन संग्रहालयात मथियास ग्रुनेवाल्डचं एक प्रचंड घडीचं वेदीचित्र आहे, १५१२ ते १५१६ दरम्यान केलेलं. त्यातल्या येशूचं अंग हिरवट पडलंय, कातडीत काटे घुसलेत, बोटं आकडी आल्यासारखी आकाशाकडे ताणलीत. याहून भयानक क्रूस युरोपात क्वचितच कुणी रंगवला असेल.

हे चित्र होतं इझेनहाइमच्या मठात, आणि त्या मठात रुग्णालय होतं. तिथे 'संत अँथनीचा अग्नी' झालेल्या लोकांची शुश्रूषा होई. राय नावाच्या धान्यावर एक बुरशी येते, तिची भाकरी पोटात गेली की अंगाची आग होते, आकडी येते, बोटं, पाय काळे पडून झडतात. आपल्याकडे बाजरीच्या कणसावर जो अरगट पडतो त्याच जातकुळीतली ही बुरशी. असा रोगी समोर उभा करा आणि पुन्हा चित्राकडे पाहा. ताणलेली बोटं, फुटलेली कातडी. वेदीवरचा देव आपलंच दुखणं भोगतोय असं त्या रोग्याला दिसत होतं. बाजूच्या फळ्यांवर प्लेगपासून राखणारा सेबॅस्टियन आणि स्वतः अँथनी. आणि सणावारी पुढच्या फळ्या उघडल्या की आत तोच येशू कबरीतून वर झेपावलेला, कातडी नितळ, चेहरा उजेडात विरघळलेला. एका रोग्यानं वर्षभरात ही दोन्ही चित्रं पाहायची होती. आपण पोस्टकार्डावर फक्त पहिलं पाहतो आणि म्हणतो, काय ही भीषण आवड!

६. नाणं टाका, उजेड मिळेल

काराव्हाज्जोबद्दल थोडक्यात, कारण त्याच्यावर लिहिणाऱ्यांची वाण नाही. रोमच्या सान लुइजी देई फ्रांचेझी चर्चमध्ये त्याचं 'मत्तयाला बोलावणं' (१५९९-१६००) अजून मूळच्याच भिंतीवर आहे. ती कोपऱ्यातली वेदी ज्या कार्डिनलच्या पैशातून सजली त्याचं नाव मत्तेओ, म्हणून विषय मत्तय. जकातदार मत्तय नाणी मोजत मेजाशी बसलाय, कपडे सोळाव्या शतकातल्या रोमन तरुणांचे. उजवीकडून येशू आत येतो, हात पुढे करतो. चित्रातला उजेडही उजवीकडूनच, म्हणजे खऱ्या वेदीच्या बाजूनं येतो. येशूचा तो सैलसा हात मिकेलांजेलोनं सिस्टाइन चॅपेलच्या छतावर आदामाला दिलेला हात आहे, हे रोममधल्या जाणत्यांना तेव्हाही कळलं असणार. पण यातला मत्तय कोण? स्वतःकडे बोट दाखवणारा दाढीवाला, की शेवटी मान खाली घालून नाणी चिवडणारा पोरगा? वाद मिटलेला नाही. तुम्हीच ठरवा, पण दहा मिनिटं उभे राहून ठरवा.

चित्रावरचा दिवा पेटायला शेजारच्या पेटीत नाणं टाकावं लागतं. जकातदाराच्या चित्राला याहून समर्पक तिकीट कुठलं?

७. क्वार्टर गेटची निष्कलंक माता

आता पुण्यात या. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च हे पुण्यातलं जुन्यात जुनं चर्च. १७९२ सालचं, सवाई माधवरावांच्या काळात पेशव्यांच्या फौजेतल्या पोर्तुगीज आणि गोवेकर ख्रिस्ती लोकांसाठी दिलेल्या जागेवर उभं राहिलेलं. त्याच वर्षी जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचं तैलचित्र रंगवत होता, आणि गंगाराम तांबट हा पुण्याचा कलाकार साहेबी पद्धतीचं रेखाटन शिकत होता. म्हणजे युरोपीय चित्रकलेची आणि पुण्याची गाठ सव्वादोनशे वर्षांहून जुनी आहे.

चर्च आहे निष्कलंक गर्भसंभवाच्या मातेचं. यात एक गफलत हमखास होते, ख्रिस्ती नसलेल्यांची आणि कधी कधी ख्रिस्ती लोकांचीही. येशूचा जन्म कुमारिकेपोटी झाला, ही गोष्ट वेगळी. निष्कलंक गर्भसंभव म्हणजे मरिया स्वतः तिच्या आईच्या पोटात आली तेव्हापासूनच आदिपापाच्या, म्हणजे प्रत्येक माणूस जन्मतःच घेऊन येतो त्या पापाच्या, डागाविना होती, ही श्रद्धा. पोपनं ती अधिकृत सिद्धांत म्हणून जाहीर केली १८५४ मध्ये, पुण्याचं चर्च बांधल्यानंतर साठ-बासष्ट वर्षांनी. पण स्पेन आणि पोर्तुगालमधले लोक त्याच्या कितीतरी आधीपासून ती मानत होते.

आता चित्रकाराची पंचाईत पाहा. पाप नसणं कसं रंगवायचं? प्रसंग नाही, संवाद नाही, समोर कुणी नाही. सेव्हिलच्या फ्रान्सिस्को पाचेकोनं नियमच लिहून ठेवले. त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १६४९ मध्ये छापलं गेलं. मरिया बारा-तेरा वर्षांची मुलगी असावी, अंगात पांढरा झगा, वर निळं वस्त्र, मस्तकाभोवती बारा तारे, पायाखाली चंद्रकोर. तारे आणि चंद्र बायबलच्या शेवटच्या पुस्तकातल्या दर्शनातून आलेले. पाचेकोचा जावई आणि शिष्य व्हेलाझ्क्वेझनं विशीच्या आसपास हा विषय रंगवला. ते चित्र आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यातली मुलगी सेव्हिलच्या गल्लीतली कुणीही असावी अशी आहे, जरा गंभीर, जरा जड पापण्यांची. पुढे सेव्हिलच्याच मुरिलो या चित्रकारानं हा विषय इतक्यांदा आणि इतका गोड करून रंगवला की जगभरच्या चर्चांतल्या मूर्ती आणि कॅलेंडरं त्याचीच री ओढत राहिली. कॅम्पातल्या एखाद्या घरात किंवा दुकानात चंद्रकोरीवर उभी निळ्या वस्त्रातली माता दिसली, तर तिचं माहेर सेव्हिल आहे. मला स्वतःला मुरिलोपेक्षा व्हेलाझ्क्वेझची ती गंभीर मुलगी जवळची वाटते, पण कॅलेंडरवर ती चालली नसती हेही खरं.

८. शिवाजीनगरची साडी

हे सगळं माहीत झालं की पुण्यातल्या एका चित्रकाराचं काम नीट कळतं. आंजेलो द फॉन्सेका. जन्म १९०२, गोव्यातल्या सांतो एस्तेव्ह बेटावर, कॅथलिक घरात. मुंबईच्या जे. जे. मधलं साहेबी वळण त्यांना मानवलं नाही, ते शांतिनिकेतनला गेले, अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्या परंपरेत शिकले. परत येऊन त्यांनी मरिया काढली ती साडी नेसलेली, सावळी, इथली. गोव्यातल्या धर्मनिष्ठांना ते रुचलं नाही. मरिया आणि साडी? फॉन्सेका गोवा सोडून पुण्याला आले आणि शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहिले. हा आश्रम जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूनं स्थापलेल्या संघाचा. पुढे आदिवासींचे अभ्यासक म्हणून गाजलेले व्हेरिअर एल्विन भारतात आले ते याच संघात. अँग्लिकनांच्या आश्रमात एक गोवेकर कॅथलिक बंगाली पद्धतीनं मरिया रंगवतोय, असा तो सुंदर घोळ होता. मुंबईच्या सेंट झेवियर्समधले इतिहासकार फादर हेरास यांनी त्यांना बळ दिलं. १९६७ मध्ये मृत्यू येईपर्यंत फॉन्सेका पुण्याचेच राहिले. पुढच्या काळातल्या त्यांच्या कित्येक मरियांमध्ये त्यांच्या पत्नीचा चेहरा आहे.

आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं काय होतं? की खरी मरिया अशी नव्हती. पण मग खरी कशी होती? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात १४२५-३० च्या सुमाराचं एक तीन फळ्यांचं चित्र आहे, मेरोद वेदीचित्र म्हणतात त्याला. त्यातली मरिया फ्लँडर्समधल्या खात्यापित्या घराच्या दिवाणखान्यात वाचत बसलीय. शेजारच्या फळीवर योसेफ सुतारकाम करतोय, आणि त्यानं काय बनवलंय? उंदराचा सापळा. एक मेजावर, एक दुकानाच्या फळीवर विक्रीला मांडलेला, आणि खिडकीबाहेर पंधराव्या शतकातल्या फ्लेमिश गावाचा चौक! क्रूस हा सैतानाला पकडायचा सापळा, असं संत ऑगस्टिन म्हणाला होता, त्याची ती आठवण. नाझरेथचा सुतार बेल्जियमच्या बाजारात उंदराचे सापळे विकतो हे पाचशे वर्षं कुणाला खटकलं नाही. सिएनात ती सिएनाची झाली, सेव्हिलमध्ये सेव्हिलची. फॉन्सेकांनी जुन्या युरोपीय चित्रकारांची परंपरा मोडली असं म्हणतात. माझ्या मते त्यांनी ती पाळली. मोडली कुणी असेल, तर गोव्यात इटालियन चेहऱ्याची मरिया हवी म्हणणाऱ्यांनी.

फॉन्सेकांचं माध्यम मात्र वेगळं, आणि त्यानं बराच फरक पडतो. बंगाली पद्धतीचा जलरंग: कागद ओला करायचा, पातळ रंगाचा थर द्यायचा, वाळला की पुन्हा पाण्यातून काढायचा, पुन्हा थर. रंग कागदात मुरतात, कडा मऊ होतात. सोनं नाही, लाजवर्द नाही. मातकट, धुकट रंग. या पद्धतीला शांतता छान साधते. मान झुकवलेली मरिया, मांडीवरचं मूल, अशा ठिकाणी फॉन्सेका सान मार्कोच्या भिक्षूचे सख्खे वाटतात. पण इझेनहाइमची वेदना या माध्यमात उतरत नाही. क्रूसावरचं दुःखही तिथे धुऊन निघाल्यासारखं हळवं होतं. हा चित्रकाराचा दोष म्हणायचा की कागदाचा, यावर मतभेद होऊ शकतो. मी दोष कागदाला देतो.

त्यांच्याच पिढीत मुंबईत आंजेला त्रिंदाद यांनीही भारतीय वेशातल्या मरिया रंगवल्या, आणि दोघांची चित्रं शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. फॉन्सेकांच्या चित्रांचा मोठा संग्रह आता गोव्यात पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये आहे, म्हापशाहून पणजीला जाताना वाटेतच. पुण्याहून गोव्याला जाणारे पर्वरीवरून सरळ पुढे निघून जातात. थांबायचं असेल तर आधी विचारून जावं, आणि प्रत्येक मरियेसमोर तोच प्रश्न न्यावा: या चित्रकारानं कुठला क्षण धरलाय?